‘नीटनेटके केस’ म्हणजे नक्की कोणासारखे?

ताई, नमस्कार. आम्ही परदेशात राहतो. देशाचं नाव लिहित नाही कारण आमच्या लेकीसारखी मुलं शाळेत मोजकीच आहेत, लगेच ओळखू येईल. माझा नवरा आफ्रिकन वंशाचा आहे, मुलगी १२ वर्षांची, आणि केस अगदी बाबांचे घेतलेत, एकदम घट्ट कुरळे. सुट्टीत तिच्या आत्याने सहा तास बसून तिच्या डोक्यालगत बारीक वेण्या घातल्या, कॉर्नरोज म्हणतात त्या. मुलगी इतकी खूश होती की आरशापुढून हलेना. शाळा सुरू झाली आणि तिसऱ्याच दिवशी मेल आला, केस नियमात बसत नाहीत. नियम असा: ‘केस नीटनेटके असावेत, अतिरेकी हेअरस्टाइल चालणार नाही.’ सोमवारपर्यंत वेण्या सोडा, नाहीतर तिला वर्गाबाहेर वेगळ्या खोलीत बसावं लागेल. तिच्या वर्गातला शीख मुलगा पटका बांधून येतो, ते चालतं. मी फोनवर विचारलं मग हिलाच का नाही, तर म्हणाले तो धर्माचा विषय आहे, ही फॅशन आहे. एक मैत्रीण म्हणते धार्मिक कारण आहे असं लिहून दे, कोण तपासायला येतंय. माझी आई म्हणते पार्लरमध्ये नेऊन केस सरळच करून टाक, कायमची कटकट जाईल. नवरा म्हणतो कोर्टात जाऊ. मुलगी काहीच बोलत नाहीये. आणि खरं सांगायचं तर तिचे मोकळे केस बघून मलाही कितीदा वाटलंय, जरा नीट कर गं. मी काय करू? – एक आई

अगं, आधी एक कर, आज रात्री तिच्या वेण्यांना हात लावू नकोस. सोमवार यायचाय अजून, आणि सहा तास बसून घातलेल्या वेण्या घाईघाईत रागारागात सोडल्या तर केस तुटतात आणि पोरीच्या मनात कायमचं बसतं की आत्याने केलं ते चुकीचं होतं. सोडायच्या की नाही ते तिच्याशी बोलून ठरवा, शाळेच्या मेलला घाबरून नको.

तुझं शेवटचं वाक्य मी तीन-चार वेळा वाचलं, ते लिहायला धीर लागतो. मीही शाळेत शिकवलंय बरीच वर्षं आणि गेटवर उभं राहून नखं-केस-बूट बघायची ड्युटी केली आहे. एक मुलगी होती, केस फार कुरळे, सकाळी विंचरून यायची तरी दुसऱ्या तासापर्यंत फुलायचे, आणि मी रोज म्हणायचे, अगं केस विंचरून येत जा. एक दिवस ती ओले केस इतके करकचून बांधून आली की कपाळाची कातडी ताणून लाल झाली होती, आणि माझ्यासमोर उभी राहून म्हणाली, आता नीट आहेत ना बाई? मला काही बोलता आलं नाही. तिचे केस कधीच अस्ताव्यस्त नव्हते, ते फक्त माझ्यासारखे नव्हते, आणि ‘नीट’ म्हणजे माझ्यासारखे असं मी न बोलता ठरवून टाकलं होतं. तुझ्या शाळेचं नेमकं तेच झालंय, फक्त त्यांनी ते छापून नियमावलीत घातलंय. म्हणून तुझ्या मनात जे आलं त्याबद्दल स्वतःला फार बोल लावू नकोस, पण एकदा लेकीजवळ बसून ते बोलून टाक, कारण तिला ते कळलेलं असणार. मुलांना आईच्या हातातल्या कंगव्यावरूनही कळतं.

आता केसांबद्दल, कारण शाळा ‘फॅशन’ म्हणतेय आणि त्याला उत्तर देताना तुला माहिती पाहिजे. घट्ट कुरळ्या केसाचं मूळच टाळूत वळलेलं असतं, केस आडवा कापून पाहिला तर गोल नसतो, चपटा लंबगोल असतो, म्हणून तो स्प्रिंगसारखा वाढतो. टाळूतून सुटणारं तेल सरळ केसावरून सहज खाली उतरतं, पण स्प्रिंगच्या वळणावळणांतून ते टोकापर्यंत पोचत नाही, म्हणून हे केस कोरडे राहतात, आणि प्रत्येक वळण ही तुटायची जागा असते. रोज कोरडे विंचरले तर हातात केसांचे तुकडे येतात. अशा केसांना सांभाळायचा जुना आणि शहाणा मार्ग म्हणजे ते विणून ठेवायचे, मग काही आठवडे रोजची ओढाताण होत नाही, टोकं झाकलेली राहतात, केस वाढतात. म्हणजे तुझ्या नणंदेने सहा तास बसून जे केलं त्याला नटणं म्हण हवं तर, पण ती केसांची निगा पण आहे आणि पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेलं कौशल्य पण आहे, तिन्ही एकदम. शाळेला फक्त पहिलंच दिसलं. आणि बघ ना, ज्या केसांना वेण्या घातल्यावर सगळ्यात आवरल्यासारखं दिसतं, त्यांना वेण्या सोडून ‘नीटनेटके’ होऊन या म्हणतायत! सोडल्यावर ते केस फुलणार, मग त्यावर पुढचा मेल येणार.

एक काळजी मात्र घे, वेण्या फार घट्ट नकोत. दुखत असेल, कपाळाच्या कडेला बारीक पुटकुळ्या येत असतील, भुवया ओढल्यासारख्या वाटत असतील तर सैल करायला सांग, सततच्या ओढीने कडेचे केस कायमचे जाऊ शकतात. आत्याला हे माहीत असेलच, तरी तू विचार, आणि विचारता विचारता शीक. पुढच्या वेळी वेण्या घालताना तिच्या शेजारी बस, निदान भांग पाडायला तरी. हे शाळेच्या भांडणापेक्षा मोठं काम आहे असं मला मनापासून वाटतं.

आईचा सल्ला ऐकू नकोस. ती प्रेमाने म्हणतेय, नातीला त्रास नको म्हणून, पण घट्ट कुरळे केस कायमचे सरळ करायला जे रसायन लावतात ते अतिशय तीव्र अल्कली असतं, केसाच्या आतले बंध तोडतं, टाळू भाजू शकतं, आणि ‘कायमचे’ म्हणजे तरी काय, नवीन वाढ पुन्हा कुरळीच येते, म्हणून दर दीड-दोन महिन्यांनी परत लावा. २०२२ साली अमेरिकेच्या नॅशनल इन्स्टिट्यूट्स ऑफ हेल्थचा एक अभ्यास आला, ३३ हजारांहून जास्त बायकांना जवळजवळ ११ वर्षं बघितलं, तर वर्षात चारपेक्षा जास्त वेळा अशी केस सरळ करायची उत्पादनं वापरणाऱ्यांमध्ये गर्भाशयाच्या कॅन्सरचं प्रमाण न वापरणाऱ्यांच्या दुपटीहून जास्त आढळलं. संबंध आढळला म्हणजे कारण सिद्ध झालं असं नाही, तेवढं लक्षात ठेव, पण १२ वर्षांच्या पोरीला एका मेलसाठी त्या वाटेला कशाला लावायचं. मोठी झाल्यावर तिला स्वतःला सरळ केस हवेसे वाटले तर ती गोष्ट वेगळी.

आता मैत्रिणीचं. खोटं धार्मिक कारण लिहू नको. पकडली जाशील म्हणून नाही सांगत, तसं झालं तर झालंच. तू खोटं लिहिलंस की शाळेचं म्हणणं मान्य करून टाकतेस, की धर्म असेल तरच किंमत, नाहीतर सगळं फालतू. आणि लेकीला रोज ते खोटं डोक्यावर घेऊन शाळेत जावं लागेल, कोणी विचारलं कुठला धर्म, तर ती काय सांगणार? शिवाय जी मुलं खरंच श्रद्धेने केस राखतात, तो पटकेवाला मुलगा किंवा ड्रेडलॉक्स (जटांसारख्या बटा, नुसतं लॉक्सही म्हणतात) राखणारी रास्ताफारी पंथाची मुलं, त्यांच्याकडे पण उद्या संशयाने बघतील.

त्या शीख मुलाकडे ‘त्याला चालतं मग हिला का नाही’ असं बोट दाखवू नकोस, निदान त्या सुरात नको. त्याला ते फुकट मिळालेलं नाहीये. इंग्लंडमध्ये बर्मिंगहॅमच्या एका खासगी शाळेने एका शीख मुलाला प्रवेश नाकारला होता, पगडी काढ आणि केस काप मगच ये म्हणून. घरचे कोर्टात गेले, खालच्या कोर्टात हरले, अपिलात हरले, शेवटी १९८३ मध्ये हाउस ऑफ लॉर्ड्समध्ये, म्हणजे तेव्हाच्या तिथल्या सर्वोच्च कोर्टात, जिंकले. शाळेचं म्हणणं होतं की पगडी काढणं शक्य आहे की, हात आहेत, काढू शकतो. तर लॉर्ड्सनी सांगितलं, ‘नियम पाळू शकणं’ म्हणजे शरीराने शक्य असणं नव्हे, आपल्या समाजाच्या रीतिरिवाजांना धरून राहून प्रत्यक्षात पाळता येतो का ते बघायचं. हे वाक्य तुझ्या खूप कामाचं आहे, कारण तुलाही हेच ऐकवतील, सोडा की वेण्या, काय कठीण आहे त्यात.

आणि त्यातली दुसरी गोष्ट, तो खटला फक्त ‘धर्म’ म्हणून जिंकला गेला नाही. त्या वेळच्या ब्रिटिश कायद्यात वंशभेदाला बंदी होती, धर्माचं नाव त्यात नव्हतं, म्हणून शीख हा स्वतःचा इतिहास, स्वतःच्या रीती असलेला समाज आहे असं मांडावं लागलं. म्हणजे बघ, ज्या मुलाचं उदाहरण देऊन शाळा तुला सांगतेय की संस्कृती वेगळी आणि धर्म वेगळा, त्याच्या आधीच्या पिढीच्या मुलाला शाळेचं दार उघडलं ते संस्कृतीच्याच जोरावर.

तुझ्या प्रश्नाच्या अगदी जवळचा खटला पुढचा आहे. लंडनमधली शाळा, २००९, ११ वर्षांचा आफ्रिकन-कॅरिबियन वंशाचा मुलगा, पहिल्याच दिवशी कॉर्नरोज आहेत म्हणून परत पाठवला. त्याच्या घरात पुरुषांनी केस न कापता असे विणायची रीत होती. धर्म नव्हता, घरची रीत होती. शाळेला भीती होती टोळ्यांची, अशा स्टाइलने गँगचं कल्चर आत येतं वगैरे. २०११ मध्ये हायकोर्टाने निकाल दिला की हा अप्रत्यक्ष वंशभेद आहे आणि शाळेला त्याचं समर्थन करता आलेलं नाही. आणि कोर्टाने हेही म्हटलं की शीख आणि रास्ताफारी मुलांना तुम्ही आधीच सवलत देता, मग यालाही देता येईल. तुझाच प्रश्न, फक्त देश बहुतेक वेगळा.

दक्षिण आफ्रिकेतला २००७ चा खटला तर मला फारच आवडतो, तो केसांचा नाही, नाकातल्या चमकीचा आहे. डर्बनच्या शाळेतली तमिळ हिंदू घरातली मुलगी, शाळा म्हणाली काढ. युक्तिवाद असा झाला की चमकी काही धर्माने सक्तीची केलेली नाही, ऐच्छिक आहे. तिथल्या घटना न्यायालयाने म्हटलं, ऐच्छिक असली म्हणून तिचं महत्त्व कमी होत नाही, स्वतःहून जपलेली गोष्ट पण माणसाच्या ओळखीचा भाग असते. आणि त्या शाळेला नियमावली बदलून घ्यायला लावली, धार्मिक किंवा सांस्कृतिक कारणाने सूट मागायची पद्धत त्यात लिहा म्हणून. निकाल लागेपर्यंत मुलगी शाळा सोडून गेलेली होती, म्हणजे तिला स्वतःला त्याचा काही उपयोग नाही झाला, मागून येणाऱ्यांना झाला.

हे शेवटचं वाक्य तुझ्या नवऱ्याला वाचून दाखव. त्याचा राग समजतो मला, त्याने हे लहानपणापासून अंगावर घेतलेलं असणार, तुझ्यासाठी हा पहिला मेल आहे, त्याच्यासाठी कितवा कोण जाणे. कोर्टाचा रस्ता बंद करू नका, पण तो पहिला रस्ता करू नका. अमेरिकेत केसांवरून भेदभाव करू नये म्हणून क्राउन अॅक्ट नावाचा कायदा आला, कॅलिफोर्नियात २०१९ मध्ये सगळ्यात आधी, मग बऱ्याच राज्यांत, टेक्ससमध्ये सप्टेंबर २०२३ पासून. आणि नेमकं त्याच सुमाराला टेक्ससमध्ये एका हायस्कूलच्या मुलाला लॉक्समुळे वर्गाबाहेर बसवायला सुरुवात झाली, जवळजवळ अख्खं वर्ष तो नेहमीच्या वर्गाबाहेर राहिला. शाळा म्हणाली आम्ही लॉक्सना नाही म्हणत नाही, लांबीला म्हणतो, आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये तिथल्या न्यायाधीशांनी शाळेच्या बाजूने निकाल दिला, कारण कायद्यात विणीबद्दल, पोताबद्दल लिहिलं होतं, लांबीबद्दल नाही. कायदा होता तरी! म्हणून मी सांगते नियमाचा शब्द न्‌ शब्द महत्त्वाचा.

तर तुमच्या शाळेचा नियम पूर्ण मागवून घे, लेखी, तो कधीचा आहे तेही विचार, आणि तक्रार करायची किंवा सूट मागायची काही प्रोसेस आहे का तेही. तू दिलंस ते वाक्य तर इतकं ढगळ आहे की त्यात काहीही बसतं. ‘नीटनेटके’ कोणी ठरवायचं? ‘अतिरेकी’ कशाच्या तुलनेत? सरळ केसांची मुलगी दोन वेण्या घालून आली तर तिला मेल जातो का? जात नसेल तर नियम वेण्यांबद्दल नाहीये, हे त्यांनाच बोलता बोलता लक्षात येऊ दे. तुमच्या देशात समान वागणुकीचा कायदा काय म्हणतो ते तिथल्याच जाणकाराला विचार. ब्रिटनमध्ये तर समानता आयोगाने ऑक्टोबर २०२२ मध्ये शाळांसाठी केसांवरून होणाऱ्या भेदभावाबद्दल वेगळं मार्गदर्शन काढलं, तुमच्याकडे पण असं काही असेल तर प्रिंट काढून सोबत ने.

शाळेला शत्रू समजून जाऊ नकोस एवढंच. काही नियमांना खरंच अर्थ असतो, प्रयोगशाळेत ज्योतीजवळ केस बांधलेले हवेत, वर्कशॉपमध्ये मशीनजवळ हवेत, खेळताना टणक मणी लागू शकतात, ते मान्य कर आणि आधीच मान्य करून टाक, म्हणजे उरतं काय ते स्पष्ट होतं. डोक्याला चिकटून विणलेले केस ना ज्योतीत जातात ना मशीनमध्ये, सुरक्षिततेच्या हिशोबाने तर यापेक्षा चांगलं काही नाही. मग उरतं फक्त दिसणं.

आणि सावध राहा, ते एखादी ‘तडजोड’ पुढे करतील. टेक्ससमधल्या एका मूळ अमेरिकन वंशाच्या बालवाडीतल्या मुलाला शाळेने सांगितलं होतं की केस ठेव, पण अंबाडा घाल, नाहीतर वेणी शर्टाच्या आत खुपसून बस. अपील कोर्टाने २०१० मध्ये ते रद्द केलं, त्या राज्याच्या धर्मस्वातंत्र्याच्या कायद्याखाली. पाच वर्षांचं पोर दिवसभर वेणी शर्टात कोंबून बसलंय, काय शिकत असेल ते त्या दिवशी? तुला सांगतील की टोपी घालू दे, स्कार्फ बांधू दे, या सत्रापुरतं चालवून घेऊ पण परत नको. ‘चालवून घेऊ’ वर खूश होऊन घरी येऊ नको. तुला दया नकोय, नियमात एक ओळ हवीय की वेण्या, लॉक्स, नैसर्गिक कुरळे केस हे नीटनेटक्यात येतात. ती ओळ आली की पुढच्या मुलीच्या आईला मला पत्र लिहावं लागणार नाही.

मीटिंगला नवऱ्यासोबत जा, आणि जमलं तर आत्याला पण ने, तिच्याइतकं केसांबद्दल कोणालाच सांगता येणार नाही. जे बोलणं झालं ते त्याच संध्याकाळी मेलवर लिहून पाठव, साधं, ‘आज असं असं ठरलं’.

लेकीचं मात्र या सगळ्याच्या आधी. तू लिहिलंस ती काही बोलत नाही. बोलत नसेल कारण घरात चार मोठी माणसं तिच्या डोक्याबद्दल बोलतायत आणि तिला कोणी विचारलेलं नाही. तिला विचार, पण उत्तर आधी ठरवून विचारू नको. ती म्हणू शकते मला लढायचंय. २०१६ मध्ये दक्षिण आफ्रिकेत प्रिटोरियाच्या मुलींच्या शाळेत विद्यार्थिनीच उभ्या राहिल्या होत्या, आमचे अॅफ्रो, म्हणजे मोकळे फुललेले कुरळे केस, जसे आहेत तसे राहू द्या म्हणून, त्यातली जगभर फोटोत दिसलेली मुलगी १३ वर्षांची होती, तुझ्या लेकीहून एका वर्षाने मोठी, आणि त्यानंतर तिथले केसांचे नियम थांबवायला लागले. हे तिला सांग, पण तू पण तसंच कर असं नको म्हणू. कारण ती असंही म्हणू शकते की आई, मला वेगळ्या खोलीत नाही बसायचं, मैत्रिणींबरोबर बसायचंय, सोडून टाक. तसं म्हणाली तर सोडा, आत्याला बोलावून हळूहळू नीट सोडा, ती हरली असं कोणी तोंडातून काढू नका, नवऱ्यालाही सांगून ठेव. मेल मात्र तरीही पाठवता येतो. नियमाशी भांडण तुम्हा दोघांचं आहे, ते तिच्या डोक्यावरून चालवायची गरज नाही.

मेल छोटा लिही. मी असा लिहिला असता, तू तुझ्या शब्दांत बदल:

‘आमच्या मुलीच्या वेण्यांबद्दल तुमचा मेल मिळाला. तिचे केस घट्ट कुरळे आहेत आणि अशा वेण्या ही त्या केसांची निगा आहे, तिच्या वडिलांच्या घरची रीत पण आहे. हे कारण सांस्कृतिक आहे, धार्मिक नाही, आणि त्यावरच विचार व्हावा अशी विनंती आहे. नियमातल्या कुठल्या शब्दाखाली वेण्या बसत नाहीत आणि त्या शब्दाचा उद्देश काय ते लेखी कळवावं. प्रयोगशाळा आणि खेळाच्या सुरक्षेचे सगळे नियम ती पाळेल. आम्हाला या आठवड्यात भेटीची वेळ द्यावी, आणि निर्णय होईपर्यंत तिला तिच्या वर्गातच बसू द्यावं.’

पाठवायच्या आधी तिला वाचायला दे. एखादा शब्द तिला खटकला तर काढ, आणि ‘आमच्या मुलीच्या’ ऐवजी तिला स्वतःचं नाव तिथे हवं असेल तर नाव घाल.